जुन्या गाडीचा रंग पुन्हा चमकवा : बपेऱ्यासारख्या गावातून करता येणारा जोडधंदा



आजचा धडा जुन्या गाडीच्या पॉलिशचा. व्हिडिओत मशीन कसं चालवायचं ते दाखवलंय, पण हिशोब, तपासणी आणि गिऱ्हाइकाशी बोलणं हे लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा. शेवटी गृहपाठ आहे.

उदाहरणासाठी आपण बपेरा हे गाव घेऊ. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका, मध्य प्रदेशची सीमा लागूनच. एमएच-३६ च्या गाड्या तर दिसतातच, पण बालाघाटच्या एमपी-५० च्या गाड्याही रोज रस्त्यावर असतात. या भागात शोरूममधून कालच निघालेल्या गाड्या कमी, आणि दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या मारुती ८००, अल्टो, इंडिका, बोलेरो जास्त. मारुती ८०० ची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये दिली गेली आणि उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यात 'तरुण' ८०० सुद्धा दहा वर्षांच्या पुढची आहे. अशा गाडीचं इंजिन चांगलं असतं, मालकाचा जीव असतो, पण बोनेट आणि छत पांढुरकं पडलेलं असतं. हे तुमचं गिऱ्हाईक.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. ज्या माणसाने नुकतंच आरटीओत जाऊन पुढच्या पाच वर्षांचं काम करून आणलंय, त्याने ठरवलंय की गाडी विकायची नाही, वापरायची. असा माणूस रंगावर दोन पैसे खर्च करायला तयार होतो. फक्त त्याच्याशी खोटं बोलायचं नाही. पॉलिशने फिटनेस मिळत नाही, गंज जात नाही आणि गाडीचं वय कमी होत नाही.

पहिली गोष्ट : चमक जाते म्हणजे नेमकं काय होतं?

हे कळलं नाही तर तुम्ही नुसते घासत बसाल.

आज कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक गाड्यांवर रंगाचे थर असतात. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, ज्याला आपण क्लिअर कोट म्हणतो. हे सगळे थर मिळून साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास भरतात. वहीचं एक पान घ्या, बोटांत धरा. एवढीच जाडी. आणि त्यातला क्लिअर कोट निम्म्याहून कमी. तुमचं सगळं काम त्या निम्म्या पानात चालतं. जास्त घासलं की रंग उघडा पडतो, आणि तो परत आणायला पेंटरच लागतो.

जुन्या साध्या रंगाच्या गाड्यांवर, म्हणजे पांढरा, लाल अशा बिनचमकीच्या रंगांवर, पुष्कळदा क्लिअर कोट नसतोच. रंग आणि चमक एकाच थरात असते. याला एकथरी रंग म्हणा. आपल्याकडचे पेंटर अजूनही 'ड्युको' म्हणतात ना? तो शब्द अमेरिकेतल्या ड्युपॉन्ट कंपनीच्या १९२० च्या दशकातल्या रंगाचा. त्याआधी गाडी ब्रशने रंगवून वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागायचे. ड्युको फवारला की लवकर वाळायचा. कंपनीचा रंग मागे पडला, नाव मात्र आपल्या गॅरेजमध्ये राहिलं.

आता चमक का जाते ते बघा. पृष्ठभाग गुळगुळीत असला तर उजेड आरशासारखा परत येतो. खरखरीत झाला की उजेड चारी दिशांना विखुरतो आणि डोळ्याला पांढुरकं दिसतं. आपल्या भागात खरखरीत व्हायची कारणं ही :

१. ऊन. विदर्भाचा मे महिना तुम्हाला मी सांगायला नको. उन्हातल्या अतिनील किरणांनी रंगाचा वरचा थर सुकतो, त्याची भुकटी होते. म्हणून दरवाजे बरे असतात आणि छत-बोनेट आधी जातं. सरळ ऊन तिथेच पडतं.

२. धानाची धूळ. मळणीच्या दिवसांत गाडीवर तूस आणि बारीक कोंडा बसतो. धानाच्या तुसात सिलिका भरपूर असते, आणि वाळूतही तेच द्रव्य. कोरड्या फडक्याने ती पुसली म्हणजे बारीक पॉलिश पेपरच फिरवला.

३. खाणीची धूळ. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. त्या बाजूला जाणाऱ्या गाड्यांवर काळपट, टणक कण बसतात. हेही कोरडं पुसायचं नाही.

४. बोअरचं पाणी. क्षार जास्त असलेलं पाणी उन्हात तापलेल्या पत्र्यावर वाळलं की पांढरे गोल डाग राहतात.

५. झाडाखालची सावली. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली गाडी लावली की चिकट फुलं पडतात. त्यात पक्ष्यांची विष्ठा. ती आम्लधर्मी असते आणि उन्हात रंगात खोल उतरते. सावली चांगलीच, पण त्याच दिवशी ओल्या कापडाने पुसून घ्यायचं.

६. घरगुती उपाय. रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवला की गाडी चमकते, हे खरं. पण ती चमक तेलाची. दोन दिवसांत त्यावर धूळ चिकटते, रबर फुगतं आणि खरखरीतपणा तसाच राहतो. कपडे धुवायची पावडरही नको, ती असलेलं वॅक्स काढून टाकते.

दुसरी गोष्ट : पाच मिनिटांची तपासणी

डॉक्टर तपासल्याशिवाय औषध देत नाही. तुम्हीही भाव सांगायच्या आधी या पाच तपासण्या करा.

*फडक्याची तपासणी.* थोडं पॉलिश ओल्या पांढऱ्या फडक्यावर घ्या आणि कोपऱ्यात हलक्या हाताने घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर रंग एकथरी आहे. गाडी पांढरी असेल तर काळं फडकं घ्या, नाहीतर काही दिसणार नाही. पण गाडी मेटॅलिक आहे, म्हणजे क्लिअर कोटवाली आहे, आणि तरी फडक्याला रंग आला? मग तिथला क्लिअर कोट संपलाय. त्या जागी मशीन लावायचं नाही.

*पापुद्र्याची तपासणी.* छतावर किंवा बोनेटवर पांढरे पापुद्रे सुटताहेत का, कडा नखाला लागतात का, ते बघा. लागत असतील तर तिथे पॉलिश चालत नाही. जगातलं कुठलंही कंपाऊंड गेलेला थर परत आणत नाही. तो भाग पुन्हा रंगवणं एवढाच उपाय.

*नखाची तपासणी.* ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे. तो कमी दिसेल, पण जाणार नाही. तसं आधीच सांगा.

*पिशवीची तपासणी.* गाडी धुतल्यावर हात पातळ प्लास्टिक पिशवीत घालून पत्र्यावरून फिरवा. डोळ्याला न दिसणारी खरखर बोटाला कळते. कळली तर क्ले लागेल.

*विचारपूस.* "गाडी कधी रंगवली होती का? पूर्ण की अर्धी?" हा प्रश्न विचाराच. बाहेर रंगवलेल्या गाडीवर एन.सी. रंग असू शकतो. तो मऊ असतो, मशीनच्या उष्णतेने लवकर ओढला जातो. शंका असेल तर दाराच्या आतल्या, न दिसणाऱ्या जागी कापसावर थोडं थिनर घेऊन लावून बघा. रंग लगेच विरघळला तर एन.सी. समजा आणि त्या गाडीला हातानेच पॉलिश करा.

तपासणी झाली की मोबाइलवर फोटो काढा. चारही बाजू, छत, बोनेट आणि आधीपासून असलेला प्रत्येक ओरखडा. हे फोटो जाहिरातीला तर उपयोगी पडतातच, पण "हा ओरखडा तूच पाडला" असं कोणी म्हटलं तर तेच तुमचे साक्षीदार.

तिसरी गोष्ट : सामान

सुरुवातीला फार सामान घेऊ नका. एवढं पुरे :

- दोन बादल्या, कार शाम्पू, आठ-दहा मायक्रोफायबर कापडं
- क्ले बारचा एक तुकडा
- मास्किंग टेप
- एक जाड दाण्याचं कंपाऊंड, एक बारीक फिनिशिंग पॉलिश
- एक वॅक्स किंवा सीलंट
- डीए पॉलिशर, त्याचे कापायचे आणि फिनिशचे फोम पॅड, प्रत्येकी दोन-तीन
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्प्रे बाटली, टॉर्च, चष्मा, मास्क

मशीन दोन जातीची मिळतात. रोटरी मशीन एका जागी गोल फिरतं. काम जलद करतं, पण एका जागी थांबलं की रंग जाळतं. डीए मशीन फिरता फिरता हलतं, त्यामुळे उष्णता विखुरते. काम हळू होतं, पण नवशिक्याच्या हातून गाडी वाचते. तुम्ही डीएनेच सुरू करा. ग्राइंडरला पॅड लावून पॉलिश करायचा मोह होईल. करू नका. ग्राइंडरचा वेग या कामाला फार जास्त असतो.

आणि वीज. पाण्याच्या जागी मशीन चालवायचं आहे, तेव्हा अर्थिंग बरोबर असलेला बोर्ड आणि ईएलसीबी लावल्याशिवाय प्लग घालायचा नाही. धुणं एकीकडे, मशीनचं काम दुसऱ्या कोरड्या जागी.

चौथी गोष्ट : काम, क्रमाने

१. धुणं. गाडी सावलीत आणि पत्रा गार. आधी नुसत्या पाण्याने धूळ सोडवा. मग एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. कापड साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचं. वरून खाली या, चाकं शेवटी. बावनथडी-वैनगंगेच्या पट्ट्यात गाडी नदीत नेऊन धुवायची सवय आहे. ती सोडा आणि गिऱ्हाइकालाही सोडायला सांगा. त्या पाण्यात रेती असते, आणि शाम्पू-ग्रीस नदीत जातं ते वेगळंच.

२. क्ले. पत्र्यावर शाम्पूचं पाणी मारा आणि क्लेचा चपटा तुकडा हलक्या हाताने सरळ फिरवा. आधी अडकल्यासारखं वाटतं, मग सरकायला लागतो. सरकला की तो भाग झाला. क्ले घडी घालून स्वच्छ बाजू वर घ्या. जमिनीवर पडला तर तो तुकडा फेकून द्या. त्यात माती शिरली, आता तो ओरखडेच पाडणार.

३. टेप. काळं प्लास्टिक, रबर, बॅज, काचेची कड, सगळ्यावर टेप. दरवाजाच्या आणि बोनेटच्या धारदार कडांवरही टेप. कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो, आणि नवीन माणसाची गाडी तिथेच उघडी पडते.

४. नमुना चौकोन. हे कधीही चुकवू नका. बोनेटवर दीड फूट बाय दीड फुटाचा चौकोन टेपने आखा. आधी बारीक पॉलिश आणि मऊ पॅड लावून बघा. तेवढ्याने काम झालं तर पूर्ण गाडी तेवढ्यानेच करा. नाही झालं तरच कंपाऊंड. नियम सरळ आहे : कमीत कमी कापून जेवढं मिळेल तेवढं घ्यायचं. आज वाचवलेला थर त्या गाडीला चार वर्षांनी लागणार आहे.

हा चौकोन गिऱ्हाइकालाही दाखवा. अर्धं बोनेट पांढुरकं आणि मध्ये चमकणारा चौकोन. तुम्हाला वेगळं काही पटवावं लागत नाही.

५. कंपाऊंड. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब. मशीन बंद असतानाच पॅड पत्र्याला टेकवा, कमी वेगावर पसरवा, मग वेग चार-पाचवर न्या. आधी आडवे पट्टे, मग उभे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढलेला. हात सावकाश. मशीनच्या वजनाइतकाच दाब. दोन-तीन फेऱ्या झाल्या की पुसा आणि टॉर्च तिरपा धरून बघा. पत्र्याला हात लावा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर थांबा. बंपर प्लास्टिकचा असतो, त्यातून उष्णता लवकर निघत नाही, तिथे आणखी हलका हात. प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशने साफ करा. भरलेला पॅड कापत नाही, नुसता तापतो. एकथरी रंगावर पॅडला रंग येणारच, घाबरू नका, पण पॅड लवकर लवकर बदला.

६. फिनिशिंग. कंपाऊंड स्वतःचे बारीक धुरकट व्रण सोडतं. ते काढायला मऊ पॅड आणि बारीक पॉलिश. खरी चमक इथे येते. गडद रंगाच्या गाडीवर ही पायरी गाळली तर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल व्रण दिसतात, आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी परत येतं.

७. खरा निकाल. पॉलिशमधलं तेल ओरखडे झाकतं. म्हणून निम्मं पाणी मिसळलेलं अल्कोहोल मारून पुसा आणि पुन्हा टॉर्च लावा. आता जे दिसतं ते खरं. काही राहिलं असेल तर आत्ता करा. हे न करता गाडी दिली तर दोन धुण्यांनंतर झाकलेलं सगळं वर येतं आणि नाव तुमचं जातं.

८. संरक्षण. आता रंग स्वच्छ आहे, पण उघडा आहे. वॅक्सचा पातळ थर लावा, धुरकट झाला की स्वच्छ कापडाने पुसा. जाड थराने जास्त चमक येत नाही, पुसताना हात मात्र दुखतो. कार्नुबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या पानांवरून मिळतं. चमक छान देतं, पण आपल्या उन्हात काही आठवड्यांचंच पाहुणं. सिंथेटिक सीलंट काही महिने टिकतं. आपल्या भागात रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला सीलंट सुचवा.

*हेडलाइट.* पिवळे पडलेले हेडलाइट हा छोटा पण फायद्याचा भाग. ओला पेपर १०००, मग १५००, २००० आणि ३००० नंबर, नंतर पॉलिश. पण वरचा संरक्षक थर गेलेला असतो, म्हणून अतिनील किरण अडवणारा कोट लावल्याशिवाय गाडी देऊ नका, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा पिवळे.

पाचवी गोष्ट : भाव कसा ठरवायचा?

आता मुद्द्याची गोष्ट. पुष्कळ मुलं इथेच बुडतात. बाजूचा पाचशे घेतो म्हणून आपण चारशे. आठ तास राबून संध्याकाळी हातात शंभर रुपये. असं करू नका. खालचे आकडे पद्धत समजावी म्हणून घेतलेत. तुम्ही तुमसरच्या दुकानात भाव विचारून आपले आकडे भरा.

समजा मशीन आणि टिकाऊ सामान १२,००० रुपयांचं. ते १२० पूर्ण कामं चालेल असं धरलं तर प्रत्येक पूर्ण कामावर झीज १०० रुपये. तुमच्या तासाची किंमत १०० रुपये धरू.

*पूर्ण काम (क्ले, कंपाऊंड, फिनिश, सीलंट) :* वेळ ८ तास, मजुरी ८००. सामान ३५०. झीज १००. वीज-पाणी ५०. एकूण खर्च १,३००. वर ३०० नफा. भाव १,६००.

*एक टप्पा पॉलिश :* ५ तास, मजुरी ५००. सामान २२०. झीज ६०. वीज-पाणी ४०. खर्च ८२०. नफा १८०. भाव १,०००.

*धुणं आणि वॅक्स :* २ तास, मजुरी २००. सामान १००. झीज २०. वीज-पाणी ३०. खर्च ३५०. नफा १००. भाव ४५०.

मजुरी आणि नफा वेगळे का लिहिले? मजुरी तुमच्या हाताची आहे, नफा धंद्याचा. उद्या एक पोरगा कामाला ठेवला की मजुरी त्याला जाईल. नफा नसेल तर धंद्यात काय राहिलं?

आता महिना मांडू. ४ पूर्ण कामं, ६ एक टप्प्याची, ८ धुण्या-वॅक्सची. वेळ ३२ + ३० + १६ = ७८ तास. जमा ६,४०० + ६,००० + ३,६०० = १६,००० रुपये. त्यात तुमची मजुरी ७,८०० आणि नफा ३,०८०. हातात १०,८८० रुपये, आणि झीज म्हणून बाजूला ठेवायचे ९२० रुपये. या वेगाने मशीनचे १२,००० साधारण १३ महिन्यांत वसूल होतात.

खरं सांगायचं तर बपेऱ्यासारख्या गावात यावर पूर्ण घर चालवायचं म्हणून पहिल्या दिवशी नोकरी सोडू नका. ७८ तास म्हणजे महिन्याचे दहा दिवस. शेतीसोबत, दुकानासोबत बसणारा हा जोडधंदा आहे. रोवणीच्या दिवसांत तुम्हालाही वेळ नसतो आणि गिऱ्हाइकालाही. पावसात शेड नसेल तर काम बंदच ठेवा. तुमचा हंगाम दसऱ्यापासून. दसऱ्याला गाडीची पूजा, मग दिवाळी, दिवाळीनंतर गावोगावची मंडई, पाहुण्यांची ये-जा, आणि मागोमाग लग्नसराई. दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी पोळ्यासारखी तयारी झालेली पाहिजे.

सहावी गोष्ट : 'नाही' कधी म्हणायचं

एक नमुना संवाद देतो. आरशासमोर उभं राहून म्हणून बघा.

"बाबू, छताचं बी चमकवून दे, चारशेत होते ना?"

"काकाजी, छताचा वरचा थर सुटलाय, हे पापुद्रे बघा. इथे मशीन लावलं तर आणखी उघडं पडेल. छताला पेंटरच लागतो. बोनेट आणि दरवाजे मी चांगले करून देतो. एक टप्प्याचे हजार होतात."

"हजार लई होते."

"हा चौकोन बघा, आणि शेजारचं बोनेट बघा. एवढं पाहिजे असेल तर पाच तास लागतात. आत्ता पैसे नसतील तर धुणं-वॅक्स करू साडेचारशेत. चमक थोडी येईल, पांढुरकेपणा जाणार नाही. तुम्ही ठरवा."

बघा, भाव कमी केला नाही, काम कमी केलं. आणि जे होणार नाही ते आधी सांगितलं. गावात जाहिरातीचा बोर्ड कमी चालतो, चौकातलं बोलणं जास्त चालतं. "पोरगा खरं सांगतो" हे एकदा फिरलं की तुमसरपर्यंत जातं. "छत उडवलं" हेही तेवढ्याच वेगाने जातं.

दुसरं 'नाही' जरा अवघड आहे. कोणी गाडी विकायला काढतो आणि म्हणतो, गंजावर पुट्टी मारून वरून चमकव, घेणाऱ्याला दिसलं नाही पाहिजे. विकायच्या गाडीला पॉलिश करणं चूक नाही, घर विकताना आपण चुना लावतोच. पण खालचा सडलेला पत्रा लपवून देणं म्हणजे दुसऱ्याच्या घामाच्या पैशाला हात घालणं. घेणाराही याच पट्ट्यातला असतो. सहा महिन्यांनी पत्रा फुटला की तो विचारत विचारत तुमच्याच दारात येईल.

तिसरं, कोणी रंगच बदलून मागितला तर ते पेंटरचं काम, आणि आरसीवरचा रंगही आरटीओत बदलून घ्यावा लागतो हे त्याला सांगा. नुसत्या पॉलिशला असं काही लागत नाही.

सातवी गोष्ट : कागद

- *स्वीकार चिठ्ठी.* गाडी नंबर, तारीख, ठरलेलं काम, ठरलेला भाव, आधीचे ओरखडे, "या जागी निकाल मिळणार नाही" असा एक रकाना, दोघांच्या सह्या. साध्या वहीत कार्बन ठेवून चालतं.
- *उद्यम नोंदणी.* सरकारी पोर्टलवर फुकट होते. कोणी पैसे मागितले तर देऊ नका.
- *कर्ज.* मशीनपुरतं कर्ज हवंच असेल तर बॅंकेत मुद्रा योजनेतला 'शिशु' गट विचारा, तो ५०,००० रुपयांपर्यंतचा आहे. पण आधी स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या पाच गाड्या करून हात बसवा. हात बसायच्या आधी हप्ता सुरू झाला की मन कामात राहत नाही, भावात राहतं.
- *हिशोबाची वही.* प्रत्येक गाडीला किती तास लागले ते लिहा. दहा गाड्यांनंतर तुमचा खरा भाव त्या वहीतून निघेल.

या आठवड्याचा गृहपाठ

१. भंगारवाल्याकडून जुना बोनेट किंवा दरवाजा आणा. त्यावर चारही पायऱ्या करा : धुणं, क्ले, कंपाऊंड, फिनिश. मग मुद्दाम एका कडेवर रंग जाईपर्यंत घासा. किती लवकर जातो ते एकदा हाताला कळू द्या. गिऱ्हाइकाच्या गाडीवर ते शिकायचं नाही.

२. गावातल्या दहा जुन्या गाड्यांची यादी करा. मालकाला विचारून पाच तपासण्या करा आणि लिहा : कोणत्या गाडीला पूर्ण काम, कोणत्या गाडीला एक टप्पा, कोणत्या गाडीला 'नाही'.

३. वर दिलेल्या पद्धतीने तुमच्या गावचा दरफलक तयार करा. तासाची किंमत आधी लिहा, भाव नंतर.

यादी आणि दरफलक व्हिडिओखाली लिहून पाठवा, मी बघून उत्तर देईन. पुढच्या धड्यात सीट आणि आतल्या प्लास्टिकची सफाई घेऊ. त्याला मशीन लागत नाही, आणि पावसाळ्यातही ते काम चालतं.

भेटू पुढच्या धड्यात. हात सावकाश आणि हिशोब पक्का ठेवा.